हप्ता तिच्या नावावर, मेसेज मुलाच्या मोबाइलवर

‘लाडकी बहीणचे पैसे घेते, पण घरात मान खाली घालावी लागते. मी मिंधी झाले का?’ हा प्रश्न अलीकडे बऱ्याच जणी विचारतात. सुनंदाताईंचा (नाव बदललं आहे) अनुभव त्यांच्या परवानगीने सांगते.

चाळिशी उलटलेली, घरची दोन एकर कोरडवाहू, शिवाय दुसऱ्याच्या रानात मजुरी. झोप नाही, छातीत धडधड, म्हणून डॉक्टरांनी त्यांना समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं. काही मागितलं की नवरा म्हणायचा, ‘तुला काय कमी? सरकारची लाडकी तू!’

विचारत गेले तेव्हा कळलं, पैसे जमा झाल्याचा मेसेज मुलाच्या मोबाइलवर येतो आणि एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात. जुलै 2024 पासून महिना 1500 रुपये बाईच्या स्वतःच्या, आधारशी जोडलेल्या खात्यात पडतात खरे. सुनंदाताईंच्या वाट्याला त्यातले फक्त टोमणे येत होते.

मी विचारलं, ‘किसान सन्मान निधीचे 2000 नवऱ्याच्या खात्यात येतात, तेव्हा त्याला कुणी सरकारचा लाडका म्हणतं?’

‘छे! ते हक्काचे म्हणतात.’ आणि पदर तोंडाला लावून हसल्या. तेही सरकारचेच पैसे, हे त्यांच्या तोवर ध्यानात आलं नव्हतं.

पुढचं काम बँकेतलं. त्याआधी घरात मारहाण होते का, हे विचारून घेतलं. होत असती तर आधी 181 ही महिला हेल्पलाइन, मग पासबुक. जाऊबाईंना सोबत घेऊन त्यांनी मोबाइल नंबर बदलण्याचा अर्ज भरला. पहिल्यांदा स्वतः पैसे काढले ते चष्म्यासाठी. तांदूळ निवडताना खडे दिसेनासे झाल्याला दोन वर्षं झाली होती, पण हे घरात सांगायचं कुणाला? नवऱ्याने आठवडाभर अबोला धरला.

2025 मध्ये योजनेसाठी ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) आली आणि नवऱ्याचा आधार ओटीपी लागला, तेव्हा धडधड परत सुरू. नवऱ्याने ‘बघू, बघू’ करत बरंच ताणलं. (बाईच्या योजनेची किल्ली पुन्हा नवऱ्याच्या हाती का दिली, हे मला आजही पटलेलं नाही.) शेवटी मुलानेच बापाचा फोन घेऊन ते उरकलं.

झोप आता बरी आहे. हप्ता लांबला की मात्र अजून घाबरतात. ‘या पैशांवर भिशी लावू नका, तारखेचा भरवसा नाही,’ असं मी बजावलं होतं. लावलीच आहे त्यांनी.