दोन उमेदवारांना सेम मतं पडली तर निकाल कसा लावतात?

चिठ्ठी टाकतात, खरंच. २०१७ ला मुंबई महापालिकेच्या वॉर्ड २२० मध्ये दोघांना सारखीच मतं पडली, फेरमोजणी करूनही तेच, मग चिठ्ठी काढली आणि भाजपचे अतुल शहा निवडून आले. विधानसभा-लोकसभेलाही कायदा हाच आहे, ज्याची चिठ्ठी निघेल त्याला एक मत जास्त मिळालं असं धरतात आणि निवडणूक निर्णय अधिकारी निकाल जाहीर करतो. म्हणून मोजणीला उमेदवारातर्फे बसलेल्या एजंटने डुलकी काढू नये, मशीनचं सील बघायचं, मशीनवरचा एकूण मतांचा आकडा फॉर्म १७सी शी (म्हणजे मतदान केंद्रावर किती मतं पडली त्याच्या नोंदीशी) जुळतोय का ते बघायचं, कारण एका मताने सगळं फिरतं. त्यामुळे प्लीज, मतदानाला जाच!