तीनशे रुपयांचा स्क्रीनशॉट जपून ठेवा

प्रश्न : आम्ही पावसजवळ राहतो. अठरा दिवसांपूर्वी आंब्याच्या पेट्या भरताना रात्री साडेबाराच्या सुमारास यांच्या छातीत कळ आली, घामाने बनियन भिजलं. १०८ला फोन केला, पण गाडी लांब होती, म्हणून पुतण्याने पिकअपच काढली. रत्नागिरीत '२४ तास तातडीची सेवा' अशी पाटी असलेल्या खासगी हॉस्पिटलात गेलो. काउंटरवर आधी केसपेपरचे ३०० रुपये यूपीआयने घेतले आणि मग म्हणाले, पन्नास हजार डिपॉझिट भरा. आमच्याकडे अठरा हजार होते. पाऊण तास यांना बाकावर बसवून ठेवलं. ना इसीजी, ना गोळी. शेवटी 'कोल्हापूरला न्या' म्हणाले. पहाटे कोल्हापुरात अँजिओप्लास्टी झाली. जीव वाचला, पण हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आलंय. आता हॉस्पिटलवाले म्हणतात, तुम्ही आमच्याकडे आलाच नव्हतात. वादावादीत पुतण्याच्या हाताने काउंटरची काच तडकली होती, तर परवा त्यांचा फोन आला की काचेची केस टाकू. आमच्याकडे त्यांचा एकही कागद नाही. काही करता येईल का?

उत्तर : ताई, करता येईल. 'एकही कागद नाही' असं तुम्ही लिहिलंय, पण तुमच्या पत्रातला सगळ्यात किमती ऐवज तुम्ही जाता जाता एका ओळीत सांगून गेलात. ते ३०० रुपये.

पैसे देऊन सेवा मागणारा तो ग्राहक, एवढं साधं आहे हे. खासगी हॉस्पिटलची सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरवून टाकलंय. तुम्ही पैसे भरलेत, म्हणजे त्या काउंटरपाशी तुमचं आणि त्यांचं नातं सुरू झालं. पैसे पुतण्याच्या खात्यातून गेले म्हणून काही बिघडत नाही. मात्र स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नका. मोबाइल पाण्यात पडतात, हरवतात. पुतण्याला बँकेत पाठवा आणि त्या दिवसाचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट घ्या. त्यात रक्कम, तारीख आणि व्यवहार क्रमांक येतो, पैसे कुणाच्या खात्यात गेले तेही दिसतं. ॲपमध्ये वेळही दिसते, ती लिहून ठेवा. 'आलाच नव्हतात' याला तेवढं उत्तर पुरे आहे.

आणि तो काचेचा फोन! जो माणूस आलाच नव्हता, त्याच्या पुतण्याने काच कशी फोडली? या फोनबद्दल मनातल्या मनात त्यांचे आभार माना. फोन रेकॉर्ड झाला असेल तर ती फाइल पुसू नका, दुसऱ्या मोबाइलवर घेऊन मूळ मोबाइल विकूही नका. असा पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, ते आपण करू. पण काचेचं प्रकरण हसण्यावारी नेऊ नका. डॉक्टरांवरील हल्ले आणि हॉस्पिटलची नासधूस यासाठी महाराष्ट्रात २०१० चा स्वतंत्र कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि गुन्हा अजामीनपात्र. हात मुद्दाम आपटला की धक्काबुक्कीत लागला, यावर बरंच अवलंबून आहे. पुतण्याने आता त्यांना फोन करू नये, माफीचा मेसेज टाकू नये, आणि गावच्या ग्रुपवर हॉस्पिटलचं नाव घालून काही लिहूही नये. पोलिसांचा फोन आला तर आधी मला सांगा.

पुतण्याने नेटवर वाचून २०१० च्या केंद्रीय क्लिनिकल आस्थापना कायद्याचं कलम पाठवलंय. पोराने मेहनत घेतली, पण तो कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेलाच नाही. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. त्याच्या नियमांत २०२१ साली रुग्णहक्कांची सनद आली, तक्रारीची सोय आली. तिथली तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करा, एक पानी पुरे.

आपल्या बाजूचा खरा आधार सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ च्या परमानंद कटारा निकालात आहे. स्कूटरवरून जाणाऱ्या एका माणसाला गाडीने उडवलं. जवळच्या हॉस्पिटलने घेतलं नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्याकडे पाठवलं, आणि तो वाटेतच गेला. न्यायालय म्हणालं, जीव वाचवणं हे पहिलं कर्तव्य, डॉक्टर सरकारी असो वा खासगी. तिथे वीस किलोमीटर होते, तुम्हाला आंबा घाट चढून सव्वाशेच्या वर जायला लावलं. उद्या त्यांचा वकील विचारेल, 'सिव्हिलला का नाही गेलात?' त्याचं उत्तरही याच निकालात आहे.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. कोल्हापूरला पाठवलं ही चूक नव्हे. कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करायची खोली, नसेल तर पाठवावंच लागतं. चूक त्या पाऊण तासात आहे. छातीत कळ घेऊन आलेल्या माणसाचा इसीजी दहा मिनिटांत निघायला हवा, हा वैद्यकातला सर्वमान्य दंडक आहे. ॲस्पिरिनची गोळी कुठल्याही मेडिकलात मिळते. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन कॅथलॅबशिवायही देता येतं, आणि ते देऊन रुग्ण पुढे पाठवता येतो. यातलं काहीच झालं नाही, आणि कारण होतं फक्त डिपॉझिट. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगासमोर कोलकात्याचं असंच एक प्रकरण होतं. पंधरा हजार भरले नाहीत म्हणून अपघातातल्या विद्यार्थ्याचे सुरू केलेले उपचार थांबवले, आणि तो वारला. आयोगाने दहा लाख भरपाई दिली.

आपली अडचण वेगळ्या जागी आहे. पंपिंग ३५ वर आलं ते त्या पाऊण तासामुळे, हे दाखवावं लागेल. ते म्हणतील, झटकाच मोठा होता, तसंही असंच झालं असतं. इथे हृदयरोगतज्ज्ञाचं लेखी मत लागतं, आणि ते द्यायला डॉक्टर सहजासहजी तयार होत नाहीत, हे अनुभवाने सांगते. म्हणून कोल्हापूरच्या फाइलची संपूर्ण प्रत मागा, नुसतं डिस्चार्ज कार्ड नको. पहिला इसीजी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि विशेषतः भरतीच्या वेळची 'हिस्ट्री'. पहाटे तुम्ही त्या शिकाऊ डॉक्टरला जे सांगितलंत ते त्याने तिथे लिहिलेलं असणार. 'रत्नागिरीत नेले, उपचार नाहीत' अशी ओळ मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण तेव्हा तुमच्या डोक्यात केसचा विचारही नव्हता. लेखी मागितल्यावर ७२ तासांत कागद देणं बंधनकारक आहे. असाच अर्ज रत्नागिरीच्या हॉस्पिटललाही द्या. कागद नाहीत असं ते म्हणणार असतील, तर लिहून म्हणू देत.

गुन्हा दाखल करण्याच्या भानगडीत सध्या पडू नका. डॉक्टरवर फौजदारी करायला हलगर्जीपणा घोर असावा लागतो, शिवाय स्वतंत्र वैद्यकीय मत लागतं. त्यात वर्षं जातील. वैद्यक परिषदेत तक्रार करता येते. तिथे डॉक्टरची नोंदणी निलंबित होऊ शकते, पैसे मिळत नाहीत. आपली जागा रत्नागिरीचा जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं. फी तुम्ही त्या हॉस्पिटलला दिलेल्या रकमेवर ठरते आणि पाच लाखांपर्यंत ती शून्य आहे. तुम्ही दिले ३०० रुपये. त्या पाटीवर कुठे ट्रस्टचं नाव आहे का तेही बघून या. धर्मादाय असेल तर तातडीच्या रुग्णाला डिपॉझिटसाठी अडवताच येत नाही, मग धर्मादाय आयुक्तांकडेही जाऊ.

हे सगळं सावकाश होईल, पण एक काम उद्याच करायचंय. सीसीटीव्हीचं फुटेज बहुतेक ठिकाणी पंधरा दिवस ते महिनाभरात आपोआप पुसलं जातं, आणि तुमचे अठरा दिवस गेलेत. साध्या कागदावर लिहा : अमुक तारखेला रात्री एक ते दोन, प्रवेशद्वार, काउंटर आणि समोरचा बाक या भागाचं फुटेज जपून ठेवावं. वॉचमनच्या वहीत पिकअपचा नंबर असेल तर तेही पान. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती आणि पोच सांभाळा. त्याच दिवशी ईमेलही करा. तुमच्या फोनमधला १०८ला केलेला कॉल पुसू नका, त्याने रात्रीची वेळ पक्की होते. सोमवारी कोर्टाजवळच्या माझ्या ऑफिसात या. यांना आणू नका, तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही.