शेजाऱ्यानं धुरा (शेताचा बांध) कोरला. कोर्टात न जाता वाद मिटेल का?
हो, मिटू शकतो. लगेच दावा टाकू नका आणि काठ्या तर काढूच नका. आधी भूमी अभिलेखची सरकारी मोजणी करून घ्या, मग दोघं गावच्या तंटामुक्ती समितीपुढे बसा. मी समितीत बसतो. मोजणीच्या खुणा समोर दिसल्या की माणसं नरमतात, हे धुऱ्यावर उभं राहून पाहिलंय. मात्र नुसता समितीतला समझोता उद्या कुणी मोडू शकतो. म्हणून तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व (दावा टाकण्याआधीचा) अर्ज देऊन तो समझोता लोकअदालतीत नोंदवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो. त्यावर अपील नाही, तेव्हा सही करण्याआधी गटनंबर आणि मोजमाप दोनदा वाचा.