कापडाचं शिल्प आणि परफॉर्मन्स एकत्र करणारे लॅटिन अमेरिकन क्वीअर कलाकार कोण? सुरुवात कुठून करू?

माझ्या मते रिओच्या एलिओ ओइतिसिकापासून (१९३७-१९८०). १९६४ पासून त्याने 'पारांगोले' केले: कापड, प्लास्टिक, गोणपाटाचे थरावर थर दिलेले अंगरखे. भिंतीवर टांगले तर निव्वळ चिंध्या. अंगावर चढवून नाचलं की शिल्प पूर्ण होतं. १९६५ मध्ये मांगेरा वस्तीतले सांबा नर्तक ते घालून रिओच्या आधुनिक कला संग्रहालयात आले, तर त्यांना आत नाचू दिलं नाही. मग नाच बाहेरच रंगला! ओइतिसिका समलिंगी होता, पण त्याच्या कपड्यांत ते थेट लिहिलेलं दिसत नाही.

थेट हवं असेल तर पॅराग्वेचा फेलिसियानो सेन्तुरिओन बघा. तो परफॉर्मन्सवाला नव्हे, पण मला तोच जास्त भिडतो. ब्वेनोस आयरेसला राहून बाजारातल्या स्वस्त ब्लँकेटांवर तो प्राणी-फुलं रंगवायचा, 'बायकी' म्हणून हिणवलं जाणारं भरतकाम आणि क्रोशे करायचा. त्यात पॅराग्वेची न्यांदुती लेसही असे; ग्वारानी भाषेत न्यांदुती म्हणजे कोळ्याचं जाळं. एड्सच्या आजारपणात त्याने छोट्या उश्यांवर दोन-चार शब्दांची वाक्यं भरली. १९९६ मध्ये, चौतिसाव्या वर्षी तो गेला.

'लॅटिनएक्स' हा लॅटिन अमेरिकन वंशाच्या लोकांसाठीचा लिंगनिरपेक्ष शब्द मात्र अमेरिकेतला, बराच नंतरचा. या दोघांना तो लावू नका.