मलमाने गेलेला नायटा महिन्याभरात परत का येतो?

मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने नायटा चार दिवसांत फिका पडतो, पण लावणे थांबवताच पूर्वीपेक्षा मोठा होऊन परततो, असे आपण लिहिले आहे. मी डॉक्टर नाही. कमरेवरच्या नायट्यापायी दोन पावसाळे खाजवत काढलेला रुग्ण आहे.

आधी त्या ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा. क्लोबेटासॉल किंवा बेक्लोमेथासोन असे नाव असेल, तर त्यात स्टेरॉइड आहे. नायटा बुरशीमुळे होतो. लाली आणि खाज म्हणजे त्या बुरशीशी झगडणाऱ्या आपल्याच त्वचेचा दाह; स्टेरॉइड तो दाह दाबते, आपल्याला बरे वाटते आणि बुरशी निवांत पसरत राहते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी मला ती ट्यूब नुसती मागून मिळाली होती.

त्वचारोगतज्ज्ञांनी चट्ट्याच्या मध्याला हात न लावता कडेच्या उंचवट्यावरचा कोंडा खरवडून काचपट्टीवर घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि थोड्या वेळाने मला सूक्ष्मदर्शकातून बुरशीचे फांद्या फुटलेले बारीक धागे दाखवले. बुरशी कडेकडेने बाहेर सरकते, म्हणून मध्य बरा झाल्यासारखा दिसतो. डॉक्टरांनी दिलेले बुरशीनाशक मलम लावायचे ते कडेच्या बाहेर एक-दोन बोटे जागा धरून.

भारतात सध्या पसरलेल्या बुरशीला जपानी संशोधकांनी २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव दिले. तिच्यावर टर्बिनाफिन हे बुरशीनाशक औषध पुष्कळदा चालत नाही, त्यामुळे इट्राकोनाझोल हे दुसरे बुरशीनाशक द्यावे लागते. मात्र या गोळ्या यकृताचा, हृदयाचा आणि चालू असलेल्या इतर औषधांचा विचार करून डॉक्टरांनीच ठरवायच्या असतात. माझा उपचार आठ आठवडे चालला, त्यांतले शेवटचे दोन चट्टा दिसेनासा झाल्यानंतरचे.

घरातही एक चोर सापडला: कमरेचा करदोडा. तो दिवसभर घामाने ओला राहतो आणि चट्टा नेमका त्याच्याच रेषेत होता. आईची समजूत घालून तो कापला, टॉवेल वेगळा केला आणि पावसाळ्यात उन्हाअभावी आतले कपडे इस्त्रीने कोरडे केले. बहिणीच्या मानेवरही चट्टा निघाला, तेव्हा तिचाही उपचार त्याच वेळी केला.

आता तिथे काळपट डाग उरला आहे. त्यावर कोंडा नाही, खाज नाही, कडही नाही. त्याला मी काही लावत नाही.