या वयात बोटं वळत नाहीत, गिटार सोडून देऊ का?

मागच्या पावसाळ्यात परळहून एक ताई आल्या माझ्याकडे, वय 47, सरकारी ऑफिसात नोकरी. प्रश्न काय, तर गिटार. दोन महिने झाले मॅडम, रोज बसते, पण बोटं सोलवटून निघतात, सी कॉर्डवरून जी कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे सूर) जाईपर्यंत गाणं पुढे निघून गेलेलं असतं, आता या वयात नाही जमायचं, सोडून देऊ का? हे विचारताना डोळे भरले त्यांचे. चाळिशी ओलांडलेले खूप जण मला हेच विचारतात, म्हणून त्यांची परवानगी घेऊन लिहितेय.

गिटार मुलाची. तो नोकरीला बंगळुरूला गेला, ती कपाटावर पडून होती, एक दिवस पुसायला काढली आणि परत ठेववेना.

पुढच्या वेळी घेऊनच या म्हटलं. मी कॉलेजात असताना थोडीफार शिकलेय म्हणून बघताक्षणी कळलं, तारा गंजून तपकिरी झालेल्या, आपल्या दमट हवेत स्टीलच्या तारांचं हे होतंच, आणि बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तार इतकी उंच की दहाची दोन नाणी एकावर एक ठेवली तरी खाली सरकली. अशा गिटारवर विशीतल्या पोराचीही बोटं रडतील, यात वयाचा काय दोष! बारीक तारा लावून घ्या, 10 च्या सेटमधल्या (सगळ्यात बारीक तार 0.010 इंचाची), आणि अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची उंची, खाली करून घ्या म्हटलं. बोटांची टोकं सुरुवातीला दुखतातच, काही आठवड्यांत कातडी टणक होते, पण मनगट दुखलं किंवा हाताला मुंग्या आल्या तर लगेच थांबायचं, ते अंगावर काढायचं नाही.

मग म्हटलं वाजवून दाखवा. डावा हात जीव खाऊन दाबतोय आणि उजवा तारेला जेमतेम शिवतोय. घरी दार लावून, पंखा फुल करून बसतात म्हणे, शेजारी ऐकतील, या वयात काय हे थेर म्हणतील.

मी विचारलं, मुलगा नवीन होता तेव्हा कसा वाजवायचा?

त्या हसायलाच लागल्या. "अहो नुसतं टँव टँव, मीच ओरडायचे त्याला, दार लाव म्हणून." आणि मग एकदम गप्प झाल्या, बराच वेळ. मीही काही बोलले नाही, काही वेळा मध्ये न बोलणंच बरं असतं.

गृहपाठ एवढाच दिला की रोज 10 मिनिटं, दार उघडं ठेवून, बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून ठेवायचं म्हणजे कमी जोरात सूर स्वच्छ येतो, आणि एक मिनिटाचा टायमर लावून ई मायनर ते सी किती वेळा बदलता आलं ते वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी 7. पंधरा दिवसांनी 19, तो आकडा दाखवताना वही माझ्या हातात द्यायलाही तयार नव्हत्या.

गणपतीनंतर आल्या तेव्हा म्हणाल्या, मुलाला व्हिडिओ कॉल लावून वाजवून दाखवलं, दोनदा चुकले, तो म्हणाला, आई, एफ कॉर्डची घाई करू नकोस, मला सहा महिने लागले होते.

"मॅडम, मला वाटायचं त्याला पहिल्यापासूनच येत होतं."