प्लेसमेंटचा चार्ज घेताना

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "मॅडम, प्लेसमेंटचा चार्ज माझ्याकडे आलाय आणि मला यातलं ओ की ठो कळत नाही." तासिका तत्त्वावरच्या नव्या माणसाच्या गळ्यात हे काम पडतं, माझ्याही तसंच पडलं होतं. कपाट उघडशील तेव्हा बॅनर, हजेरीचे सह्यांचे कागद आणि कार्यक्रमांचे फोटो निघतील. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांच्या मूल्यांकनाच्या, कामाला ते लागतात, नीट लावून ठेव. पण तेवढं म्हणजे हे काम, असं समजू नकोस. आपल्या बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात येणारी बरीच मुलं त्यांच्या घरातली पहिली पदवीधर होणार असतात. तुझी खरी गरज त्यांना आहे, आणि तीच तुझ्या दारात येणार नाहीत.

का येणार नाहीत, ते सांगते. शिकलेल्या घरातलं पोर जेवताना कानावर पडेल तेवढ्यातूनच निम्मं शिकतं. काकाची बदली, मावसबहिणीची मुलाखत, "अर्जाची तारीख संपत आली बघ", "अमक्याला एक फोन करून विचार". आपल्या पोराच्या घरी ही बोलणी कधी झालेलीच नसतात. मग "काही अडचण असेल तर येऊन भेटा" असं वर्गात म्हटलं की वर्ग गप्प. काय विचारायचं हेच ठाऊक नसतं, त्यामुळे अडचण आहे हेही कळत नाही. तू खुर्चीत बसून राहू नकोस. दुपारी एस.टी.ची वाट बघत झाडाखाली बसलेल्या पोरींमध्ये जाऊन बस, आणि प्रश्न तूच विचार.

माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "तुझा ईमेल कोणाच्या मोबाइलवर आहे?"

हसू नकोस. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी माझ्यासमोर बसली होती. मांडीवर प्लॅस्टिकची फाइल, तीत सगळे दाखले ओळीने लावलेले. बँकेच्या भरतीचा अर्ज भरायला घेतला आणि ओटीपी येईना. पाच मिनिटांनी ती हळूच म्हणाली, "मॅडम, तो नंबर कॅफेवाल्या दादाचा आहे." अकरावीच्या प्रवेशाला त्यानेच ईमेल काढून दिला होता, पासवर्डही त्याच्याच वहीत. म्हणजे पाच वर्षं तिच्या शिष्यवृत्तीचा, परीक्षेचा, प्रत्येक निरोप त्या दुकानात जाऊन पडत होता. जून-जुलैत पहिल्या वर्षाची मुलं आली की आधी हे एक काम कर: प्रत्येकाचा स्वतःचा ईमेल, स्वतःचा नंबर, आधारशी जोडलेलं बँक खातं, आणि दाखला, मार्कमेमो, आधार या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते बघ. महाडीबीटीवरचे, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचे, कितीतरी अर्ज एवढ्याशा गोष्टीवर अडकतात.

दुसरा कागद जात पडताळणीचा. बी.एड., फार्मसी, इंजिनिअरिंगच्या राखीव जागेसाठी, पुढे राखीव पदाच्या नोकरीसाठी तो लागतो. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात, आणि सगळ्यात आधी मागतात तो आजोबांचा शाळेचा दाखला. आता ज्या घरात आजवर कोणी शाळेची पायरी चढलंच नाही, त्या घरानं तो आणायचा कुठून? पोरगं दोन हेलपाटे मारतं आणि गप्प बसतं. त्याला सांग, तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक बघता येतं, म्हणजे गाव नमुना 14, जन्म-मृत्यूची नोंद. बापाच्या भावकीत कोणी चार बुकं शिकलेला असेल तर त्याचा शाळेच्या रजिस्टरातला उतारा काढता येतो. रक्तनात्यात कोणाची वैधता आधीच झाली असेल तर काम पुष्कळ सोपं होतं. नॉन-क्रीमीलेअरची मुदत मार्चअखेर संपते, ती तारीख फळ्यावरच लिहून ठेव. यासाठी मी स्वतः तहसीलला गेले आहे. तूही एकदा जा. तिथल्या कारकुनाशी ओळख असणं हा तुझ्या कामाचाच भाग आहे.

बायोडाटाबद्दल फार सांगत नाही, फक्त त्याच मुलीचं सांगते. कॅफेतून छापून आणलेल्या तिच्या कागदावर छंद म्हणून वाचन आणि प्रवास लिहिलं होतं. वर्गातल्या सगळ्यांचे छंद तेच, कारण फाइल एकच. मी विचारलं, सकाळी उठून काय करतेस? तर ही साडेपाचला गावातल्या दूध संकलन केंद्रावर बसते, 70-80 शेतकऱ्यांचं दूध घेते, फॅट आणि एसएनएफ लावते, म्हणजे दुधाची प्रत मोजते, दर दहा दिवसांनी बिलं काढते. मापावरून कोणी तावातावाने भांडायला आलं तर त्याला शांत करते. हे तिनं कागदावर लिहिलंच नव्हतं, कारण ते "घरचं काम". मुलाखतीत स्वतःबद्दल सांगा म्हटलं की आपली मुलं गप्प होतात. स्वतःची तारीफ स्वतः करू नये, असंच त्यांना घरी शिकवलेलं असतं, आणि ती शिकवण वाईट नाही. म्हणून "मी कशी आहे" हे बोलायला लावू नकोस. "मी रोज काय करते" हे विचार. मग बघ कशी घडाघडा बोलतात.

आता माझ्या हातून झालेली चूक लिहिते, कारण ती तू करू नयेस. एका बी.एस्सी.च्या मुलाला पुण्याकडे चाकणला नोकरी लागली. महिना 14 हजार. मी आनंदाने स्टाफरूममध्ये पेढे वाटले, नोटीस बोर्डावर त्याचा फोटो लावला. एकोणिसाव्या दिवशी तो दारात उभा. खोलीचं डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे, रोजचं जाणं-येणं. पहिला पगार हातात पडायचा होता पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला. बापाने ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, केव्हाच संपली होती. मित्रांकडून उसने घेतलेले सहा हजार संपले आणि तो परत आला. म्हणाला, "मॅडम, नोकरी लागली होती, पण पगारापर्यंत पोचलोच नाही."

मी त्याला पगार विचारला होता, पण पगार होईपर्यंत खाणार काय, हे विचारलं नव्हतं. आपल्या थोरांना ही गोष्ट किती आधी कळली होती बघ. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 पासून वसतिगृहं उभी केली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 मध्ये साताऱ्यात काढलेल्या कॉलेजात कमवा आणि शिका आणलं. आधी अंथरूण आणि भाकरीची सोय, मग पुस्तक. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. त्यांचे निकष पाठ असू देत. आणि नोकरीसाठी मूल बाहेर निघालं की पहिल्या चाळीस दिवसांच्या खर्चाचा हिशोब त्याच्याबरोबर बसून कागदावर मांड.

मुलींच्या बाबतीत तुला आणखी एक घर सांभाळावं लागेल. आपल्याकडे दसरा झाला की माणसं ऊसतोडीला जातात आणि गावं रिकामी होतात. कॅम्पस मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत, आणि आई-बाप तेव्हा साखर कारखान्याच्या उसाच्या फडात. होकार फोनवर मिळवायचा असतो. तो फोन दुपारी करू नकोस. रात्री आठनंतर, ते कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, आल्यावर कर, आणि आधी आईशी बोल. पगाराचा आकडा शेवटी सांग. ती राहणार कुठे, बरोबर कोण आहे, गाडी किती वाजता पोचते, हे आधी. जमलं तर आईला एकदा ते वसतिगृह दाखव. ऊसतोडीत जोडप्याला कोयता म्हणतात, हे तुला ठाऊक आहेच. मुलगी पदवीनंतर घरी बसली की लगेच लग्नाची बोलणी निघतात आणि वर्षात नवा कोयता तयार होतो. म्हणून मला घाई असायची, आणि ती घाई आई-बापांवर काढायची नाही हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. पुढे शिकायचं म्हणणाऱ्या मुलीला हेही सांग की 2024-25 पासून, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, केंद्रीभूत प्रवेशातून, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. पुष्कळ घरांत ही बातमी अजून पोचलेली नाही.

स्पर्धा परीक्षांवरून मुलांना टोचून बोलू नकोस. ज्या घराने सरकारी माणूस म्हणजे फक्त तलाठी आणि पोलिस पाहिला, त्या घराला तीच नोकरी खरी वाटणार. आकडा मात्र समोर ठेव: 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 पदं होती आणि अर्ज दहा लाखांच्या वर. मग विचार, किती वर्षं देणार, खर्च कोण करणार, आणि त्या काळात हाताला दुसरं कोणतं काम असेल. उत्तर त्याचं त्याला देऊ दे.

याबरोबर माझी निळी वही पाठवते आहे. आपल्या जुन्या मुलांचे नंबर गावांप्रमाणे लावलेले आहेत. चाकणच्या पानावर सगळ्यात वर जे नाव आहे, तो तोच, एकोणिसाव्या दिवशी परत आलेला. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेला, आता तिथेच आहे. आपल्याकडचं पोरगं आलं तर पहिला पगार होईपर्यंत स्वतःच्या खोलीत ठेवून घेतो. पोरगं निघायच्या आदल्या दिवशी त्याला फोन कर, आणि माझं नाव सांग.

तुझी,
मॅडम